आत्याचा डावा हात

माझा डावा हात दुखायला लागला तेव्हा बदलापूरच्या आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बायकांनी हळदीकुंकवाला वाण वाटावं तसे आपापले डॉक्टर मला वाटून दिले. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. प्रत्येकीचा एक हुकमी डॉक्टर होता आणि प्रत्येकीला खात्री होती की गुण आलाच पाहिजे.

अंबरनाथच्या हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाला, "हाड फर्स्ट क्लास आहे!" जणू मी ते विकायलाच आणलं होतं. उल्हासनगरच्या म्हाताऱ्या सिंधी डॉक्टरने विजेचा शेक दिला आणि विचारलं, "टेन्शन लेती हो क्या, बेटी?" मी "नहीं" म्हटलं. ते खोटं नव्हतं. टेन्शनच काय, मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. भात करपला तरी नाही आणि दिवाळी आली तरी नाही. शेवटी जांभूळ गावची जिजा आली. ती बाळंतिणींना तेल लावायची. "वारा धरलाय गो बाय," म्हणाली आणि एरंडेल चोळून गेली. साडीला वास राहिला, हातात दुखणंही राहिलं.

दुखायचं कोपरापासून मनगटापर्यंत. भरलेली पिशवी फार वेळ धरली की हात भरून येतो ना, तसं. फक्त ही पिशवी खाली ठेवता येत नव्हती.

हे सगळं मुलगी गेल्यानंतरचं. बदलापूरच्याच एका नर्सिंग होममध्ये माझी भूल उतरली तेव्हा सगळी आवराआवर झाली होती. मुलगी पोटातच गेली होती आणि माझे यजमान, शरदचंद्र, तिला घेऊन गेले होते. उशाशी माझी आई बसली होती. तिला आम्ही माई म्हणतो. ती म्हणाली, "आईने पाहू नये गं. पाहिलं की जीव अडकतो." आमच्याकडे रीतच तशी. बाप पुरून येतो, आई पाहत नाही आणि पुढे घरात कुणी विषय काढत नाही. पाळणा माळ्यावर गेला. "झालं गेलं गंगेला मिळालं," असं माई म्हणायची. आमच्याकडे कुठली गंगा? उल्हास नदी आहे. तिच्याच काठी कुठेतरी, एवढंच मला ठाऊक होतं.

शरदचंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर. मुळातच मोजकं बोलणारे, त्यानंतर तेही थांबलं. घरी आले की "हात कसा आहे?" असं विचारायचे. मी "तसाच" म्हणायचे. या दोन वाक्यांवर आमचा संसार चालला होता, आणि त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

अशात अंबरनाथला माझ्या भावाला, गुरुदत्तला, मुलगी झाली. त्याला बहीण मी एकटीच. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. बारशाच्या आदल्या दिवशी माई बदलापूरला आली. चहा घेता घेता म्हणाली, "मालू, तुझा हात हा असा. बाळाला वरखाली करायचं म्हणजे भीती वाटते गं. नाव तुझ्या चुलत बहिणीला ठेवू दे. तू आपली शेजारी बस."

"हाताचंच म्हणतेस, की आणखी काही?"

माईने बशीतल्या चहावर फुंकर घातली. "लोकांची तोंडं कोण धरणार, बाई?"

मला राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं. डॉक्टरांना जे दुखणं सापडत नव्हतं, तेच पुढे करून माईने मला पाळण्यापासून बाजूला केलं होतं. वांझोटी म्हणाली असती तरी चाललं असतं. तोंडावर भांडता तरी आलं असतं.

बारशाला खोली बायकांनी भरली होती. चुलत बहीण पदर खोचून तयारच होती. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत एकीने पाळण्याखालून बाळ पुढे केलं आणि मी मध्येच हात पसरले.

"अगं, हात..." माई म्हणाली.

"घ्या वन्सं," पाटावर बसलेली वृंदा, माझी वहिनी, म्हणाली. "आत्या तुम्हीच आहात."

बाळ माझ्या डाव्या हातावर आलं. डोकं कोपराच्या खळगीत आणि पाय मनगटाशी. रोज दुखायचं तेवढ्याच जागेत ती मावली. मी वाट पाहिली, पण हात दुखला नाही. मी वाकून तिच्या कानात त्यांनी ठरवलेलं नाव सांगितलं. आत्या नाव सांगत असताना बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात, हसतात, गोंधळ करतात. माझ्या पाठीला कुणी हात लावला नाही.

दाराशी शरदचंद्र घुगऱ्यांची बशी घेऊन उभे होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, आपली केवढी होती?"

"मालू, इथे नको," माई म्हणाली.

ते बाळाकडे बघत राहिले. मग त्यांनी बशी खिडकीत ठेवली.

"एवढीच," ते म्हणाले. "हिच्यापेक्षा जराशी लांब. केस खूप होते."

"कशी नेलीत?"

"टॉवेलात. हातावर धरून. टांगा नाही केला, नदीपर्यंत चालत गेलो."

"का?"

"टांगा लवकर पोचला असता."

मग मला रडू आलं. दोन्ही हात बाळाखाली होते, डोळे पुसता येईनात. तेव्हा वृंदा पाटावरून उठली आणि तिने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला.