खांद्यावरची पट्टी

अंबाजी शिंप्याने सुईत दोरा ओवला आणि लेकाचा खाकी कोट मांडीवर घेतला. जर्मनीशी लढाई लागून तीन महिने झाले होते. रामचंद्र कराचीच्या तळावर विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. रजा संपली होती, मुंबईला जाणाऱ्या दुपारच्या लाँचने त्याला निघायचं होतं. त्याआधी कोटाच्या दोन्ही खांद्यांवर साहेबाने दिलेल्या कापडी पट्ट्या बसवायच्या होत्या.

“काय लिवलंय रं हिच्यावर?”

“इंडिया. आपल्या देशाचं नाव, बा. सन तीसला तू देशाचं नाव कापडावर शिवून मिरवलंस नि मार खाल्लास. आता सरकारच खांद्यावर लावतंय. जितलास की!”

त्या वर्षीच्या सत्याग्रहात अलिबागच्या कचेरीसमोर पोलिसांच्या लाठीखाली अंबाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती पुन्हा वाकली नाहीत. शिंप्याची बोटं गेल्यावर त्याच्याकडे राहतं काय? तरी, खोटं कशाला सांगा, लेकाच्या बोलण्याने म्हातारा हरखला.

“आन् गोऱ्यांच्या खांद्यावर काय असतं?”

“काय न्हाय.”

“का?”

“त्यांना लागत न्हाय. भायेरच्यांनी लावायची. मानूस कुठला ते कळाया.”

“भायेरचे? कराची आपल्यातच हाय ना रं?”

रामचंद्र मान खाली घालून बूट घासत राहिला.

अंबाजीने सुईतला जाड दोरा काढला आणि कच्चा पांढरा ओवला. गिऱ्हाईक कपडा घालून बघेपर्यंत शिंपी घालतो तसला लांब लांब धावदोरा त्याने दोन्ही पट्ट्यांना घातला. एक हिसका दिला की पट्टी हातात. शिंप्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही.

“बा, हे कच्चं हाय.”

“माप बसलं की पक्कं करीन.”

“परेडीत पट्टी गळाली तर सजा मला व्हईल.”

“व्हऊ दे.”

रामचंद्र विहिरीवर आंघोळीला गेला. अंबाजी धुमसत बसला. सरकारचा राग होताच, पण अर्धा राग स्वतःच्या हरखण्याचा होता. मग त्याची नजर त्या दोन ताठ बोटांवर गेली. त्याने पांढरा दोरा उसवला, जाड ओवला आणि बारीक, घट्ट टाके घालायला लागला. सुई दोनदा हातातून निसटली.

आतून सगळं ऐकत असलेली त्याची बायको नीराबाई चहा घेऊन आली, ती कोटाकडे बघत उभी राहिली.

“अवो, पक्कं केलंत?”

“मोडकी बोटं घरात एकाचीच पुरेत.”

ओल्या अंगानेच रामचंद्र आला. त्याने पट्टी ओढून पाहिली, ती हलली नाही.

“बसलं म्हन की माप, बा!” तो हसून म्हणाला.

अंबाजीने दोरा दातांनी तोडला आणि कोट त्याच्या हातात दिला.