तिसऱ्या रांगेत कोण बसणार

गाडी आईसाठी घ्यायची आहे, हे सल्लागाराने इतक्या ठिकाणी सांगून ठेवलं होतं की त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. ऑफिसात सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, बहिणीला तर मुद्दाम फोन करून सांगितलं. आईचे गुडघे धरतात, छोट्या गाडीत तिला पाय मोकळे करता येत नाहीत, तेव्हा आता मोठी तीन रांगांचीच. फोनवर बहिणीने त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि इकडे याची छाती फुगली.

सल्लागार हे त्याचं घरातलंही नाव. कोणाचा कर कुठे वाचेल हे सांगण्यावर त्याचा संसार चालला होता. बायको रागात असली की तीही म्हणे, "सल्लागार, जेवायला या." अशा माणसाच्या नाकासमोरून सरकारी सवलत निघून गेली असती तर त्याला अन्न गोड लागलं नसतं. विजेवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांवर यंदा करात घसघशीत सूट होती. मात्र गाडीची किंमत ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी आणि महिना संपायच्या आत ती ताब्यात यायला हवी. महिना तर संपतच आला होता.

मनात भरलेली गाडी वेगळीच होती. तिची दारं रुंद, तिसऱ्या रांगेत माणूस माणसासारखा बसेल एवढी जागा. पण ती मर्यादेच्या वरची, म्हणजे सूट नाही, आणि वर्षभर थांबायची तयारी हवी. दुसरी मर्यादेत बसत होती. तिच्यात मधे दोन सुट्या, हात टेकवून बसायच्या खुर्च्या होत्या, आणि मागे उरलेल्या जागेत गादी टाकून कंपनीने तिला तिसरी रांग म्हटलं होतं. कारखान्यातून माल येतच नव्हता. शोरूममध्ये उभी होती तेवढी एकच गाडी शिल्लक, आणि यादीत याच्यामागे आणखी एक कुटुंब टपलेलं. तेही त्याच दिवशी दुपारी येणार होतं.

म्हणून सल्लागार सगळ्यांना घेऊन सकाळीच तिथे हजर झाला.

मुलांनी आत शिरून मधल्या दोन खुर्च्या पटकावल्या. मुलीने दिव्यांची सगळी बटणं दाबून पाहिली, मुलाने पाठ मागे टाकून डोळेच मिटले. बायको पुढे बसली, आरसा स्वतःकडे वळवला, मग खाली उतरून नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आईंना जमेल का मागे?"

त्याने मुलांना विचारून पाहिलं, नाही असं नाही. मुलगी म्हणाली, मागे बसलं की मला गाडी लागते. मुलाने डोळेही उघडले नाहीत. एरवी समोरच्याला गोड बोलून वळवण्यात हा पटाईत, पण इथे त्याने पुन्हा शब्द टाकला नाही. पोरांची तोंडं वाकडी झाली असती आणि दिवसाचा विचका झाला असता, एवढंच कारण.

"बसवून तर बघू," तो बायकोला म्हणाला.

शोरूममधल्या मुलीने मुलाला जरा खाली उतरवून मधली एक खुर्ची पुढे दुमडली. आईने एक पाय आत टाकला, कमरेत वाकली, कशाला धरावं ते तिला कळेना. मग सुनेचा हात धरून, जवळजवळ रांगतच, ती आत पोचली. खुर्ची परत जागेवर आली, नातू तिच्यावर बसला, तशी आईचे गुडघे छातीला लागले. पर्स ठेवायला जागा उरली नाही, म्हणून तिने ती पोटाशी धरली.

"आई, नीट आहे ना?"

हा प्रश्न त्याने असा विचारला की त्याला एकच उत्तर देता यावं.

"ऐसपैस आहे," आई म्हणाली.

ऐसपैस! तिची मान छतामुळे वाकलेली त्याला दिसत होती. घोटा खुर्चीच्या पायाशी दाबला गेलेला दिसत होता. सगळं दिसत असूनही त्याने तो शब्द उचलला आणि अगदी सोयीस्करपणे खरा मानला. तेवढ्यात शोरूमच्या मुलीने सांगितलं, यादीतले पुढचे लोक दुपारऐवजी आत्ताच दारात आलेत, तुमचं नक्की असेल तर लगेच सह्या करून घेऊ. मग काय, सल्लागाराच्या पायाला चाकं लागली. काचेच्या केबिनमध्ये थंड कॉफी आहे म्हटल्यावर मुलंही उतरली. मुलाने सवयीने दार लावून घेतलं. बायकोला वाटलं, नवरा आईला उतरवेल. नवऱ्याला काहीच वाटलं नाही. तो सवलतीचा विचार करत होता.

सह्या झाल्या. हात मिळवले गेले. मग शोरूमच्या लोकांनी पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आणून केबिनच्या काचेसमोर सगळ्यांना उभं केलं. फोटो काढणारा एका डोळ्याने बघत म्हणाला, "घरातले एवढेच ना?"

"एवढेच," सल्लागार म्हणाला, आणि हसला.

फोटो निघाला. तेवढ्यात गाडीकडून कोणा बाईचा आवाज आला, "अहो, आत कोणीतरी बसलंय."

यादीतल्या पुढच्या कुटुंबातली बाई होती ती. निदान बघून तरी जाऊ म्हणून तिने गाडीचं दार उघडलं होतं. सल्लागार पोचेपर्यंत तिने खालची कळ दाबून खुर्ची दुमडली होती, एक हात आईच्या डोक्यावर, छत लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने तिचा पाय उचलून हलकेच बाहेर घेत होती. पाय बधिर झाला होता. आईला उभं राहता येईना, म्हणून त्या बाईने तिला स्वतःच्या अंगावर रेलून घेतलं.

"हाक नाही का मारायची, आजी?"

"त्यांचं महत्त्वाचं काम चाललं होतं," आई म्हणाली. मग मुलाला पाहून घाईघाईने पुढे बोलली, "मीच म्हटलं, बसू जरा निवांत. छान वाटत होतं."

बाईने सल्लागाराकडे पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, त्याला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं. त्याची नजर गाडीच्या काचेकडे गेली. बाहेरून काळी दिसणारी ती काच आतून स्वच्छ होती. किल्ली घेऊन हसणारे चौघं आईला तिथून नीट दिसले असणार. शरमेने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण विसरलो, हे तर होतंच. पण आपण मोजलं आणि आईशिवायही आपली बेरीज बरोबर आली, हे त्याला जास्त लागलं.

फोटो पुन्हा काढला. आईला मधोमध उभं केलं, किल्ली तिच्या हातात दिली. ती सांगितल्यावर हसली. सल्लागारही हसला.

नवी गाडी कागदपत्रं पुरी होऊन दोन दिवसांत मिळणार होती. बाहेर जुनी छोटी गाडी उभी होती. तिच्यात आईची जागा ठरलेली, पुढे, मुलाच्या शेजारी. सून आणि नातवंडं मागे. पण आई लंगडत गेली ती थेट मागच्या दाराशी, आणि दाराची मूठ ओढू लागली.

"आई, पुढे बस ना," सल्लागार म्हणाला.

"असू दे रे. आतापासून सवय केलेली बरी."

ती मागे बसली. नातवंडं दोन्ही बाजूंनी येऊन चिकटली. बायको दाराशी उभी राहून नवऱ्याकडे बघत होती, त्याने काहीतरी म्हणावं म्हणून. शोरूमच्या काचेआड ती बाई आणि तिची माणसं अजून त्या गाडीभोवती रेंगाळली होती. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, गाडी यांना द्या, आम्ही थांबतो. वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. मग त्याला सूट आठवली, पाठोपाठ तिचा आकडा आठवला.

त्याने मान खाली घातली आणि गाडी सुरू केली.