सासऱ्यांची पिकअप आणि दोन लाल कड्या

जावयाला मिळणार होती एक अख्खी पिकअप. बदल्यात द्यायचं काय, तर काहीच नाही. सासऱ्यांनी ती वर्षभर वापरायला दिली होती आणि अट एकच घातली होती: "जशी दिली तशी ठेवा. शुक्रवारी वर्ष भरतं. बघायला येईन, ठीक वाटलं तर कागद तुमच्या नावावर." म्हणजे नुसतं हाताची घडी घालून बसायचं होतं. पण तेवढंच तर जावयाला जन्मात जमलं नव्हतं.

सोमवारी तो मिस्त्रीच्या गॅरेजात हजर. "सरळ चालवताना स्टिअरिंग तिरकं राहतं. आणि ड्रायव्हरकडचं पुढचं चाक बघ, मडगार्डच्या बाहेर डोकावतंय."

"गाडीला काही केलं होतं का?"

"छे! हातसुद्धा लावला नाही."

मिस्त्रीने विश्वास ठेवला. उलटतपासणीची मजुरी कुणी देत नाही.

सोमवारी अलाइनमेंट झालं. स्टिअरिंग सरळ झालं, चाक बाहेरच. मंगळवारी पुढच्या दोन्ही चाकांची अदलाबदल केली. आता दुसरं चाक त्याच जागी बाहेर. बुधवारी आडव्या रॉडच्या टोकांचे रबरी बुश बदलले. हा रॉड एका टोकाला चासीला, गाडीच्या सांगाड्याला, आणि दुसऱ्या टोकाला एक्सलला, चाकांच्या आसाला, धरून असतो, म्हणजे एक्सल डावी-उजवीकडे पळत नाही. बुश नवे आले, चाकाने ढिम्म दाद दिली नाही.

दर वेळी मिस्त्री मडगार्डपासून चाकापर्यंत माप घ्यायचा आणि दर वेळी वेगळाच आकडा यायचा. ते मडगार्ड मागे एकदा फाटकाला धडकलं होतं आणि मिस्त्रीनेच हातोडीने सरळ केलं होतं. स्वतःच्या हातचं काम वाकडं असेल ही शंका त्याला चार दिवसांत एकदाही शिवली नाही.

गुरुवारी जावयाच्या मागोमाग त्याची बायकोही गॅरेजात आली. शाळेचे गणवेश शिवायची. गळ्यात टेप तशीच. शिवलेले गठ्ठे घरी पडून होते, ते न्यायला गाडी नव्हती.

"भाऊजी, चार दिवस झाले. गाडी दुरुस्त करताय की पाळलीय?"

"वहिनी, एक्सल सरकलंय की नाही तेच कळेना," मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला. "मडगार्डपासून मोजतोय तर..."

"मडगार्डपासून? भाऊजी, सदऱ्याचं माप कुणी खिशापासून घेतं का? मधली हाडं कुठली गाडीची?"

"चासी."

"मग तिथून घ्या."

तिने दोऱ्याला नट बांधून दोन ओळंबे केले. मिस्त्रीने ते चासीच्या दोन्ही बाजूंना सोडले. दोऱ्यापासून चाकापर्यंत मोजलं तर एका बाजूला दुसरीपेक्षा पुरा एक इंच जास्त.

"म्हणजे एक्सल अर्धा इंच सरकलं," मिस्त्री म्हणाला. "इकडे अर्धा वाढला, तिकडे अर्धा घटला. पण रॉड तर वाकलेला नाही! सरकलं कशाने?"

बायकोने रॉडकडे पाहिलं, मग स्वतःचा हात वर उचलला. बाहीचं टोक मनगटावरून मागे सरकलं. "बाही तेवढीच, हात वर गेला की ती आत ओढली जाणारच. रॉड तेवढाच, चासी वर गेली म्हणून एक्सल ओढलं गेलंय. अहो, गाडी उंच केलीत?"

जावई गाडीच्या टायरला पायाने ढोसत राहिला.

मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली घुसला. स्प्रिंगच्या वर चिखलाचा जाड लेप होता. खरवडला, तर खालून लालभडक रंग. गाडी उंच करायला घातलेली दोन इंच जाडीची लोखंडी कडी, पलीकडेही तशीच.

"हात लावला नाही म्हणे! वरून चिखल कुणी थापला, देवाने?"

"शेजाऱ्याची पिकअप आपल्यापेक्षा उंच दिसते," जावई पुटपुटला.

"शेजाऱ्याची टोपी उंच म्हणून आपण डोक्यावर पाट ठेवायचा?" बायको म्हणाली. "उद्या बाबांना स्वतःच्या तोंडाने सांगा."

"बघू."

अर्ध्या तासात कड्या निघाल्या, गाडी खाली बसली, एक्सल मध्यावर आलं. बायकोने कड्या पुसून घरी नेल्या. कापताना कापड सरकू नये म्हणून वजनाला बऱ्या होत्या.

शुक्रवारी सासरे आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खूश झाले. सोबतीला मिस्त्री होताच, गाडी ठणठणीत आहे हे सांगायला जावयाने मुद्दाम आणलेला. सही करायला सगळे शिवणाच्या टेबलाशी आले. सासऱ्यांनी पेन उघडलं आणि कड्यांवर बोट ठेवलं. "हे काय, जावईबापू?"

बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

"वजनं. बाजारातून आणली."

सासऱ्यांनी कडी उचलली, आतून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "बाजारात हल्ली ग्रीस लावून देतात?"

सासरे मिस्त्रीकडे वळले, आणि मिस्त्रीने होतं ते सगळं सांगितलं. मडगार्डाचंसुद्धा.

"दोष शोधला कुणी?"

"वहिनींनी."

सासऱ्यांनी कागदावर लेकीचं नाव लिहिलं.

हिशेब असा झाला: मिस्त्रीने तीन दिवसांची मजुरी सोडली आणि ते मडगार्ड पुन्हा फुकट ठोकून दिलं. सासऱ्यांची पिकअप गेली. जावयाने कड्यांची किंमत भरली, नव्या बुशांची भरली, आणि वर अख्खी गाडी भरली. आता रोज सकाळी गणवेशाचे गठ्ठे तोच पोचवतो. किल्ली मात्र बायकोकडून मागून घेतो.