हरकतरावांची खुर्ची

मामांच्या ऑफिसातली ज्युनिअरची खुर्ची रिकामी झाली आणि भाच्याने आईकरवी मामांना गळ घातली. मामा मुरलेले वकील. बहिणीचा शब्द मोडत नसत आणि लगेच पाळतही नसत. "कॉलेजच्या सराव-खटल्याला न्यायाधीश म्हणून मीच येतोय," ते म्हणाले. "बघू, पोरगं किती पाण्यात आहे."

पोरगं हरकतींत होतं. सरावाच्या तासाला मान्य झालेल्या हरकतीमागे सर गुण द्यायचे. बाकीचे पुरावा वाचत बसले; याने हिशेब मांडला, वाचण्यापेक्षा उभं राहणं स्वस्त. कुणी साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारा प्रश्न विचारला, की हा उठलाच. वर्ग त्याला हरकतराव म्हणू लागला आणि त्याला ते आवडू लागलं.

खटला सायकलचोरीचा होता. हरकतराव आणि त्याची जोडीदारीण आरोपीचे वकील. बाकं सरकवून कोर्ट केलेलं, सरांच्या टेबलामागे मामा. आरोपीची सगळी भिस्त एका साक्षीदारावर, म्हणजे शेजाऱ्याचं काम करणाऱ्या वर्गमित्रावर होती. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि पाठ केलेलं सगळं विसरला. जोडीदारणीने त्याला हात दिला.

"त्या संध्याकाळी आरोपी तुमच्याच घरी कॅरम खेळत होता, हो ना?"

विरुद्ध बाजूचे दोघे कागदांत डोकं खुपसून बसले होते. साक्षीदाराने सुटलो म्हणून तोंड उघडलं.

"हरकत आहे, महोदय. उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घातलं जातंय."

सगळ्यांनी विरुद्ध बाजूकडे पाहिलं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उभा होता हरकतराव, गुण खिशात पडल्याच्या चेहऱ्याने.

"अरे, मी तुझ्या बाजूची आहे," जोडीदारीण दातांतल्या दातांत म्हणाली.

मामांनी चष्म्यावरून भाच्याला नीट न्याहाळलं. "हरकत मान्य."

"आरोपी कुठे होता?" तिने पुन्हा विचारलं.

"आठवत नाही," साक्षीदार म्हणाला. आरोपी दोषी ठरला.

बाहेर व्हरांड्यात भाचा मान खाली घालून उभा होता.

"हरकत अचूक होती हो तुझी," मामा म्हणाले.

त्याच्या जिवात जीव आला. "मग खुर्ची, मामा?"

"देतोय की. समोरच्या इमारतीतले ते वकील, जन्मभर माझ्याविरुद्ध उभे राहतात ना, त्यांनाही ज्युनिअर हवाय. चिठ्ठी देतो. शिफारस अगदी मनापासून."

"पण मला तुमच्या उपयोगी पडायचं होतं."

"म्हणूनच तर," मामा पेनाचं टोपण काढत म्हणाले. "आणि आईला सांग, मामाने शब्द पाळला."