मारणारा आणि सांभाळणारी

वडिलांच्या तेराव्याचा मांडव उतरला, पाहुणे लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपनं पांगले, आणि कृष्णराजनं चार्जिंगला लावलेला मोबाइल काढला. "अक्का, एक मॅच?"

शिवकन्या नको म्हणाली नाही, तिनंही आपला मोबाइल घेतला. हा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला गेल्यापासून दोघांचं बोलणं या खेळातच होत आलं होतं. पाच जणांचा संघ. त्यात कृष्णराज धनुर्धारी, म्हणजे शत्रूला मारणारा, डॅमेज करणारा. शिवकन्या हीलर, कुणाची ताकद संपत आली की तिनं मागं राहून ती भरून द्यायची. अण्णा अंथरुणाला खिळल्यापासून शाळेची नोकरी सांभाळून घरातही ती हेच करत आली होती. फक्त तिथं कुणी स्कोअर लावत नव्हतं.

मॅच सुरू झाली तसा कृष्णराज नेहमीसारखा एकटाच पुढं पळाला. बाण भलतीकडं. दुसऱ्यांनी अर्धमेला केलेला शत्रू दिसला की शेवटचा बाण मात्र याचा, आणि पडद्यावर नावही याचंच. संघातला, जळकोटहून खेळणारा गौरीशंकर हेडफोनमधून ओरडला, "किस्नादादा, आरं डॅमेज कर की! नुसता पळायलास!"

"मेलो, मेलो! अक्का, वाचव!"

शेजारच्या खोलीतून धुरपदाआत्या धावत आली. "कोण मेलं गं बया?" खेळ चाललाय हे कळल्यावर तिनं पदर सावरला. "लाज न्हाय व्हय रं? बापाला शेवटचं पाणी पाजलेला हात हाय तुझा. गाव नाव काढतंय." कृष्णराजच्या मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवून ती परत गेली.

अण्णांची आंघोळ, औषधं, चादरी, रात्रीचा खोकला, सगळं शिवकन्येच्या वाट्याला. कृष्णराज शेवटच्या दिवशी पहाटे आला. ती गॅसपाशी भाताची पेज ढवळत होती तेवढ्यात त्यानं अण्णांच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला, आणि अण्णा गेले. तेव्हापासून येईल तो तेच सांगत होता: लेकाच्या हातचं पाणी घेऊनच बब्रुवानअण्णांनी जीव सोडला. पोराचीच वाट बघत होते.

"अक्का, हील!"

तिचं बोट बटणावर होतं. तिनं ते दाबलं नाही. धनुर्धारी पडला, मागोमाग बाकीचे, आणि मॅच गेली.

"तू मुद्दाम केलंस."

"व्हय." तिनं माइक बंद केला आणि निकालाचा पडदा त्याच्यापुढं धरला. मारल्याच्या यादीत त्याचं नाव वर, पण डॅमेजमध्ये मारणाऱ्या चौघांत तो सगळ्यांत खाली होता. "बघ. राबायचं कुणी आन् नाव कुणाचं."

"गेमचं बोलायलीस का?"

"न्हाय."

कृष्णराजनं आपला मोबाइल पालथा ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "अण्णांनी पाणी घेतलंच न्हाय, अक्का. तोंड मिटलेलं हुतं. उशीवर ओघळलं सगळं. आत्या रडत हुती, तिला वाटलं घेतलं. मी गप बसलो."

शिवकन्येला त्या दिवशी सकाळची मुगाच्या पाण्याची वाटी आठवली. तिनं कृष्णराजसमोरच चमच्या-चमच्यानं पाजली होती आणि अण्णांनी ती संपवली होती. अण्णा तहानलेले गेले नाहीत, हा विचार आधी यायला हवा होता. आधी आला तो दुसराच: शेवटचं माझ्या हातचं.

"आत्याला सांगू?" त्यानं विचारलं.

राहू दे म्हणणं मोठ्या बहिणीला शोभलं असतं.

"सांग," ती म्हणाली.

तो उठून गेला. भिंतीपलीकडून आत्याचा आवाज आला. "खुळा का काय तू? म्या माझ्या डोळ्यानं घोट उतरल्याला बघितला की!"

"आत्या, खरंच सांगतो. सकाळी अक्कानं मुगाचं पाणी पाजलं हुतं, तेच शेवटचं."

"आरं, तिचं काय घिऊन बसलास? ती हुतीच की घरात."

कृष्णराज परत येऊन बसला. त्यानं नवी मॅच लावली, स्वतः हीलर झाला आणि धनुर्धारी तिच्यासाठी सोडला.

तिनं माइक चालू केला. "हीलर किस्नादादा? आता तर संपलंच," गौरीशंकर कण्हला.

शिवकन्येनं याआधी एकदाही बाण सोडला नव्हता. मॅच सुरू होताच ती थेट शत्रूच्या गोटाकडं पळत सुटली.

"अक्का, थांब की! मला येऊ दे!"

ती थांबली नाही.