बोटभर खाली धरलेली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. हल्ली मुंबईहून काजळाची डबी येते, म्हणून मी फळीवर लोणच्याच्या बरणीआड पडून असते. पण तीस सालच्या सुमारास गोदूबाईंनी मला रत्नागिरीच्या कासाराकडून हातखंब्याला आणलं, तेव्हा माझा काय थाट होता! उताणी असले की माझ्यात तूप घेऊन तळपायांना चोळायचं आणि पालथी घातली की दिव्यावर काजळ धरायचं, ही माझी कामं.

दिव्याच्या धुराचं मला भारी कुतूहल. ज्योतीतून निघताना त्याचे कण इतके बारीक असतात की दिसतही नाहीत. पण वर येता येता ते एकमेकांना भेटतात, चिकटतात आणि त्यांची भुसभुशीत जळमटं होतात.

गोदूबाईंची सून मैना, तिला पहिली मुलगी झाली. बारशाला तीट लावायची तर काजळ घरचंच हवं. मैनेने एरंडेलाचा दिवा लावला, दोन बाजूंना दगडाचे चिरे मांडले आणि ज्योत गुदमरू नये म्हणून मला चांगलं उंच पालथं घातलं. झालं! धूर वाटेतच गोळा झाला. काही जळमटं माझ्या काठावरून निसटली, काही जेमतेम चिकटली आणि मला उचलताच गळून पडली.

“तुज्या हाताला काजळ धरत नाय गो,” गोदूबाई म्हणाल्या. “असल्या हातानं पोरीला तीट नको. पाळण्यातपन मीच घालीन.”

मैनेचा चेहरा उतरला. आपल्याच लेकीला हात लावायचा नाही! मला तिची फार दया आली, आणि रागही आला. पण वाटीला कुठलं तोंड?

मैना मात्र खाली वाकून ज्योतीकडे बघत राहिली.

“आये, ह्यो धूर वर येताना गोळा व्हतोय,” ती म्हणाली. “जरा थांबा.”

तिने बुटके चिरे घेऊन मला बोटभर खाली आणलं आणि पाठीवर ओलं फडकं घातलं. आता कण एकमेकांत गुंतायच्या आतच माझ्या गार पोटाला लागले. काजळ मऊ, दाट आणि एकसारखं बसलं.

गोदूबाईंनी त्यावर बोट फिरवलं. मग नातीला उचलून त्यांनी मैनेच्या मांडीवर दिलं.

“लाव,” त्या म्हणाल्या. “पाळण्यातपन तूच घाल.”

मित्रांनो, मला अधूनमधून चिंचेने घासत जा, एवढं मागणं तर आहेच. पण कधी काजळ धरलं नाही, तर कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी मला बोटभर खाली घेऊन बघा.