पहिल्या दळणाची कच

देवमनच्या चक्कीत, पट्ट्याच्या वरच्या फळीवर, एक हिरवट दगड ठेवलेला असे. दळणाला आलेला माणूस तो एकदा तरी हातात घेऊन बघे.

"निकेल हाय," देवमन सांगे. "माह्या वावरातलं."

वावर आता नव्हतं. मालेगावहून रिसोडकडे जाताना डाव्या हाताला टेकडी लागते, तिच्या पायथ्याशी त्या वावराच्या जागी एक भलामोठा खड्डा होता आणि खड्ड्यात शेवाळलेलं पाणी. मंजुषा, देवमनची एकुलती एक मुलगी, चौथीत असताना कंपनी आली होती. निकेल आणि कोबाल्ट सापडलं म्हणून कंपनीने दोन पावसाळे सुरुंग लावले आणि एका सकाळी यंत्रं ट्रकवर चढवून ती निघून गेली. भाव पडला, असं गावाला सांगितलं. वावराच्या मोबदल्यात देवमनने चक्की टाकली आणि पोरीला भूगर्भशास्त्र शिकवलं. खाण पुन्हा उघडेल तेव्हा आपल्या घरात समजणारं कोणी तरी पाहिजे, हा त्याचा हिशेब.

आता ती अकोल्याच्या कॉलेजात तोच विषय शिकवत होती आणि खाण खरोखरच उघडणार होती. बॅटरीच्या गाड्या आल्या, कोबाल्टला सोन्याचे दिवस आले, असं सरपंच शेषराव घरोघर सांगत होता. नव्या कंपनीला, जुन्या कंपनीच्याच तपासणीच्या भरवशावर, खड्ड्याभोवतीची वावरं हवी होती. ती सगळी देवमनच्याच बौद्धवस्तीची, लढून मिळवलेले गायरानाचे पट्टे. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत हात वर करायचे होते, आणि वस्ती देवमनच्या तोंडाकडे बघत होती. एकदा वावर देऊन बसलेला माणूस तोच.

मंजुषा आली तेव्हा चक्की बंद होती. देवमनने चक्कीच्या दगडांतली वरची तळी उचलून उलटी टाकली होती आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला तो छिन्नीने टाकी मारत होता.

"आली का? चहा ठेव," तो मान वर न करता म्हणाला. "उद्या बोलशीन ना सभेत? सायंटिस्ट हायेस म्हना."

"बाबा, त्या दगडात निकेल नाही."

छिन्नी थांबली.

"म्हंजे?"

"म्हणजे साध्या काळ्या दगडात असतं तेवढंच. आपल्या घराच्या पायाच्या दगडात असेल तेवढं."

"अन् हिरवं काय हाय मंग?"

मागच्या महिन्यात ती खड्ड्यात उतरली होती. काळ्या दगडाचे थर एकावर एक, मध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा: दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजून निघालेली. काळ्या दगडात जुन्या वायूचे बुडबुडे, आणि बुडबुड्यांच्या आतून हिरवा लेप. तो लेप लोखंड असलेल्या चिकणमातीचा. साऱ्या वऱ्हाडात कुठेही विहीर खोदली तरी सापडेल असा. हे तिने एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. पण जुन्या कंपनीच्या तपासणीत निकेल आणि कोबाल्ट आलं होतं, आणि ते कुठून आलं हे काही तिला सुटत नव्हतं. तोपर्यंत बापाला काय सांगणार?

आता सुटलं होतं.

"मी खड्ड्यातल्या तसल्याच दगडाचे दोन भाग केले," ती म्हणाली. "एक अकीकच्या दगडी खलात हाताने घोटला. दुसरा कंपनीसारखा, आधी यंत्राच्या जबड्यात फोडला आणि मग धातूच्या भांड्यात दळला. खलातल्यात काही नाही. भांड्यातल्यात निकेल आलं, कोबाल्टही आलं."

"दगड तं एकच ना?"

"दगड एकच. त्या जबड्याच्या लोखंडात निकेल असतं, बाबा. आणि भांड्याच्या धातूत कोबाल्ट. दगड कडक, दळताना भांडं झिजतं."

देवमनने तळीवरून बोट फिरवलं. बोटाला राखाडी भुकटी लागली. ती त्याने अंगठ्याने चोळून पाहिली.

"टाकी मारल्यावर पहिल्या दळणात दगडाची कच येते तसं," तो म्हणाला.

"तसंच."

"ते आपन ढोराले टाकतो."

"त्यांनी तेच तपासलं."

देवमन छिन्नी उचलून पुन्हा टाकी मारू लागला, आणि चहा गार होईपर्यंत मारत राहिला.

ग्रामसभेत मंजुषा आधी बोलली. सोपं करून बोलली. लोकांनी ऐकूनही घेतलं. मग शेषराव उठला.

"मंजुताई, तुमी शिकल्या, गावाले अभिमान हाय. पन एवढ्या मोठ्या कंपनीच्या लॅबपेक्षा तुमचा खलबत्ता मोठा हाय का?"

"चटनी कुटली असन तिनं!" मागून शेषरावचा माणूस हरीओम ओरडला, आणि मांडव हसला.

"ते राहू द्या," लिलाबाई म्हणाली. तिचं वावर देवमनच्या जुन्या बांधाला लागून होतं, दीड एकर, नवऱ्यामागे तेवढंच राहिलेलं. "देवमनभाऊ काय म्हनते ते सांगा. वावर त्याचं गेलं, त्याले मालूम."

सगळ्या माना वळल्या. देवमन उभा राहिला. त्याने खिशातून हिरवा दगड काढला, तळहातावर धरला आणि त्याच्याकडे बघत म्हणाला,

"हाय. निकेल हाय. कोबाल्टबी हाय."

आणि खाली बसला. हात वर झाले. लिलाबाईचा पहिल्या रांगेतून, कोपरापासून सरळ.

घरी जाताना मंजुषाने विचारलं,

"काहून, बाबा?"

"तू म्हनते ते खरं हाय. समजलं मले."

"मग?"

"साऱ्या गावाले म्या तो दगड दाखवला. माह्या मातीत धन निंघालं म्हनून लोक मले खुर्ची देऊ लागले, पोरी. त्याच्या आधी शेषरावचा बाप आपल्या हातचं पानी पेत नव्हता." तो थांबला. "आता काय सांगू त्याहीले? का माह्यं वावर भांड्याच्या झिजेपायी गेलं?"

"आणि लिलाकाकूचं?"

देवमनने चालण्याचा वेग वाढवला.

सकाळी लिलाबाई गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर आली. देवमनने पट्टा चढवला आणि हात आडवा धरला.

"थांब जराशी. टाकी मारेल हाय."

घरातल्या पोत्यातली दोन ओंजळी ज्वारी आणून त्याने आधी ती दळली. राखाडी पीठ हाताने निपटून घेतलं, बाहेर जाऊन म्हशीच्या टोपल्यात टाकलं, फडक्याने तोंड पुसावं तसं चक्कीचं तोंड पुसलं. मगच तिचा गहू ओतला. पीठ उतरू लागल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवून दाताखाली चावून पाहिलं.

"कच नाही," तो म्हणाला. "आता ने बिनघोर."

लिलाबाई मंजुषाकडे बघून हसली.

"पाह्य व बाई. एवढी इमानदारी हाय का कोनाजवळ? म्हनून तं काल हात वर केला म्या."

देवमन पट्टा उतरवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मंजुषाने डबा उचलून लिलाबाईच्या डोक्यावर दिला. पीठ अजून गरम होतं.